ओव्हरटाइम धरता, मग तसं लिहा ना! – चार महिन्यांचा अनुभव

गेल्या रविवारी बास्केटबॉलच्या अंदाजांच्या या अ‍ॅपने माझा बरोबर आलेला अंदाज चूक ठरवला, म्हणून लिहायला बसलोय. ऑक्टोबरात एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, सीझन सुरू होताना वर्षाचे ४९९ रुपये भरले. हाफटाइमला उत्तरार्धात कोण जास्त गुण करणार ते टक्क्यांत येतं, आपणही आपला अंदाज नोंदवायचा. आम्ही चौघं मित्र रविवारी पहाटे साडेपाचचा सामना बघतो; ज्याचा अंदाज चुकेल त्याने नंतर गंगापूर रोडला मिसळ द्यायची.

आता हिशोब बघा. माझा संघ हाफटाइमला ८ गुणांनी मागे. उत्तरार्ध ८ ने जिंकला, म्हणून ४८ मिनिटांना, म्हणजे ठरलेला वेळ संपताना, बरोबरी. मग पाच मिनिटांच्या ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत, ९ ने हरला. अ‍ॅपने ते ९ उत्तरार्धात घातले आणि मला १ गुणाने हरवलं! तिसरा आणि चौथा क्वार्टर म्हणजे उत्तरार्ध, त्यात हा पाचवा तुकडा कुठून आला? तीन मेल केले. दोनदा छापील उत्तर, तिसऱ्यांदा ‘आमच्याकडे ओव्हरटाइम धरतात’.

नंतर शोधलं तर अशी मोजणी बऱ्याच ठिकाणी चालते. म्हणजे पद्धत त्यांनी मनाची काढलेली नाही, तेवढा राग मागे घेतो. पण अंदाज नोंदवतो त्या पानावर एक ओळ लिहायला काय जातं?

अंदाज मात्र चांगले असतात. सुरुवातीला २५ गुणांनी मागे पडलेल्या संघालाच पसंती दिसली की वाटायचं, बिघडलंय. पण एवढी आघाडी असली की पुढे असलेल्या संघाचा कोच मुख्य खेळाडूंना बसवतो, आणि मागचा संघ सामना हरूनही उत्तरार्ध जिंकून जातो. थ्री-पॉइंटरचा, म्हणजे लांबून मारायच्या तीन गुणांच्या फेकीचा, पूर्वार्धातला नेमही पुढे टिकेलच असं नाही. २०१८ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा (एनबीएच्या पश्चिम गटाच्या अंतिम फेरीचा) सातवा सामना आठवा: ह्यूस्टन हाफटाइमला ५४-४३ पुढे, उत्तरार्ध गोल्डन स्टेटचा ५८-३८. त्या सामन्यात ह्यूस्टनचे ओळीने २७ थ्री-पॉइंटर हुकले होते.

फाउलचं मात्र कच्चं आहे. हाफटाइमलाच चार फाउल झालेला खेळाडू सहाव्याला बाहेर जाणार, म्हणून कोच त्याला जपून खेळवतो. टक्क्यांत ते दिसत नाही.

ती एक ओळ टाकली तर पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा ४९९ भरीन. तोवर आमचा हिशोब वहीत, ४८ मिनिटांपर्यंतचाच. रविवारच्या चारही मिसळींचे पैसे मी दिलेत.