जुनी मशीन रूम ठेवायची की एमआरएल लिफ्ट घ्यायची?

नागपुरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या फ्लॅट स्कीममधल्या लिफ्ट आता बदलायला आल्यात. कोटेशन मागवलं की दोन पर्याय येतात. गच्चीवरची मशीन रूम तशीच ठेवून आतलं यंत्र नवं बसवायचं, नाहीतर खोलीच नको, मोटर थेट शाफ्टच्या, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीच्या, माथ्यावर. या दुसऱ्या प्रकाराला एमआरएल (मशीन रूम-लेस) म्हणतात. कमिटीत बहुतेकांना हाच आवडतो. मी सांगतो, खोली धड असेल तर सोडू नका.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाचा. यंत्राभोवतीची हवा ५ ते ४० अंशांत राहावी, असं लिफ्टचं मानक धरून चालतं. मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या पुढे जातो. प्रतापनगरच्या एका स्कीममध्ये दुपारी तीनला वर गेलो, तर दाराच्या कडीचा चटका बसला. आत ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तापून फॉल्टवर गेलेला, आणि हवेची एकमेव जाळी कुलरच्या जुन्या गवताच्या पॅडांनी बुजलेली. पॅडं हलवली, एक्झॉस्ट पंखा लावला, संध्याकाळी लिफ्ट सुरू. उभं राहायला खोली होती, म्हणून जमलं. एमआरएलमध्ये मोटर, आणि बऱ्याच मॉडेलांत ड्राइव्हही, तापलेल्या स्लॅबखाली शाफ्टमध्येच असतो. तिथे हात घालायचा तर लिफ्टच्या टपावर चढावं लागतं.

विजेचे नियम दोन्हीकडे आहेत, फक्त जागा बदलते. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावता आलं पाहिजे. दिव्यांची लाइन वेगळी हवी, म्हणजे मेन पाडला तरी मेकॅनिक अंधारात राहत नाही. कामाच्या जागी जमिनीवर २०० लक्स उजेड, कंट्रोल पॅनलसमोर ७० सेंटीमीटर मोकळी जागा. खोलीत लिफ्टशिवाय दुसरं काही नको. पाण्याच्या पंपाचा स्टार्टर आणि दिवाळीच्या माळा आधी बाहेर काढा. एमआरएलचं पॅनल सहसा सर्वांत वरच्या मजल्यावर दाराशेजारी असतं. मग ती मोकळी जागा तिथे लागते, जिथे आज कुणाचं तरी चपलांचं रॅक आहे. हे त्या घराशी आधीच बोलून घ्या.

कुणी अडकलं तर? खोलीत मेन बंद करून, ब्रेक सोडून, मोटरचं चाक सहसा हाताने फिरवता येतं. एमआरएलमध्ये पॅनलवरून ब्रेक सोडला की लिफ्ट वजनाच्या फरकाने सरकते. पण काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन, साधारण अर्ध्या भाराला तोललेलं असतं. क्षमतेच्या साधारण निम्मी माणसं आत असली की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि लिफ्ट हलतच नाही. अशा वेळी काय करायचं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि ताबा घेताना तेवढीच माणसं उभी करून पाहा.

वीज वाचते म्हणून एमआरएल घ्या, असं सांगतील. ती बचत गिअरलेस, म्हणजे गिअर नसलेल्या, मोटरची आहे, आणि तशी मोटर मशीन रूममध्येही बसते.

नव्या इमारतीत, किंवा जुनी खोली गळून स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील, तर एमआरएल बरोबर. शाफ्टच्या माथ्याला बाहेर उघडणारी जाळी मात्र हवीच. काहीही निवडलंत तरी महाराष्ट्राच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्याप्रमाणे आधी परवानगी, मग परवाना. परवान्याआधी शेवटचा हप्ता देऊ नका.