खडे चिकटवायला काय घ्यावं: इन्स्टंट ग्लू की बी-७०००?

कुंदन रांगोळ्या, रुखवताची ताटं, राख्या असलं काही घरी करायला घेतलं की हा प्रश्न आज ना उद्या पडतोच. दुकानदाराला विचारावं तर तो दोन्ही, म्हणजे झटक्यात धरणारा इन्स्टंट ग्लू आणि सावकाश वाळणारं बी-७००० हे ट्यूबमधलं पारदर्शक ग्लू, पुढ्यात टाकतो आणि म्हणतो, "दोन्ही चालतंय, साहेब." चालतं हे खरं. मीही बरीच वर्षं दोन्ही चालवून बघितली.

पांढरा गम आणि ग्लू गन यांना आधीच बाजूला काढतो. कागद, पुठ्ठा, कापड, आकाशकंदील यांसाठी पांढऱ्या गमला तोड नाही. पण अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर तो नुसता वाळतो, धरत नाही. नख लावलं की पापुद्रा निघतो. ग्लू गनने काम झटपट होतं, फक्त नंतर कोळ्याची जाळी काढत बसावी लागते. शिवाय मे महिन्यात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेलं माझं एक ताट उघडलं, तेव्हा सुपाऱ्यांची नक्षी सगळी एका कडेला जमली होती. तेव्हापासून गन फक्त मखराच्या मागच्या बाजूला.

राहिले दोन. इन्स्टंट ग्लूची धर जबरदस्त, यात वाद नाही. थेंब टाका, खडा ठेवा, दहा आकडे मोजा, झालं. हात बसलेला असेल आणि घाई असेल तर त्याच्यासारखा सोबती नाही. हात बसलेला नसेल तर खडा केसभर वाकडा बसतो आणि वाकडाच राहतो. काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरा असं कुणीतरी सांगतंच. त्यातल्या अ‍ॅसिटोनने ग्लू सुटतो, पण खालची अ‍ॅक्रिलिक शीटही धुरकट होते, हे मात्र सांगत नाही.

तरी वाकड्या खड्याचं मी चालवून घेतलं असतं. माझं मन उडालं ते एका साखरपुड्याच्या ऑर्डरमुळे. पाच पाकळ्यांचा संच, आरशाचे तुकडे आणि सोनेरी कुंदन मिळून तीनशेच्या आसपास नग. दिवस श्रावणातले. रात्री अकराला शेवटचा खडा बसवला, दिव्याखाली धरून बघितलं, लखलखत होतं. धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं आणि निवांत झोपलो. सकाळी झाकण काढलं तर प्रत्येक आरशावर कुणीतरी तोंडाची वाफ सोडावी तसं पांढुरकं धुकं. आधी वाटलं दमट हवा आहे, पुसलं की जाईल. मऊ कापडाने पुसलं, वरवरचं थोडं गेलं. खड्यांच्या कडांना, खाचांत जे बसलं होतं ते तसंच. मुहूर्त साडेदहाचा.

मी खड्यांनाच दोष दिला आणि दुसऱ्या दिवशी ते घेऊन पुण्याच्या रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने एक खडा उजेडाकडे धरला आणि विचारलं, "बंद डब्यात ठेवलं होतं ना?" या ग्लूची वाफ उडते, हवेतल्या ओलाव्याशी तिची गाठ पडते आणि पांढरी भुकटी होऊन ती आजूबाजूलाच बसते. डबा बंद, म्हणजे वाफेला जायला वाट नाही. उघड्यावर, पंख्याच्या मंद वाऱ्यात, अगदी बारीक थेंबाने काम केलं तर हे बरंच टळतं. काहींना तर हा त्रास कधीच होत नाही. मला झाला, आणि आरसे बसवताना हात अजून कचरतो.

बी-७००० मी त्याच दिवशी उचललं. ते पातळ सुईतून येतं, खडा ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं सरकवता येतो आणि वाळल्यावर काचेसारखं पारदर्शक राहतं. वाळूनही किंचित रबरासारखं लवचिक असतं, त्यामुळे पातळ ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) वाकली तरी खडे टणाटण उडत नाहीत. इन्स्टंट ग्लू वाळला की ठिसूळ होतो, तिथेच तो मार खातो.

पैशाचं म्हणाल तर मी जिथे घेतो तिथे इन्स्टंट ग्लूची अर्ध्या ग्रॅमची ट्यूब ५ रुपयांना, म्हणजे ग्रॅमला १०. वर एकदा उघडली की उद्या तिचा दगड. बी-७००० ची १५ मिलीची ट्यूब ९० ला पडते, मिलीला ६. ज्याला आपण स्वस्त म्हणतो ते असं.

बी-७००० चेही नखरे आहेतच. वास उग्र, खिडकी उघडी हवी. सुई उचलताना तार लोंबते; ट्यूब जरा गोल फिरवून उचलली तर तुटते. थर्माकोलला लावलं तर तो विरघळतो. आणि पूर्ण धरायला एक दिवस, पावसाळ्यात मी दोन दिवस देतो. रात्री बसून सकाळी द्यायचं काम असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. अशा वेळेसाठी ड्रॉवरमध्ये इन्स्टंट ग्लूच्या ५ रुपयांच्या दोन ट्यूब माझ्याही पडलेल्या असतात.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. पाण्यातला पांढरा गम तिथे साफ नको, साखर ओल धरते आणि काळ्या साडीवर डाग उतरतो. सुती दोऱ्याच्या गाठीवर इन्स्टंट ग्लू टाकताना बोट लांब ठेवा, सुताला लागला की तो एकदम तापतो. मी एकदा अंगठा पोळून घेतला आहे. मुकुटाच्या पुठ्ठ्यावर मी बी-७००० च लावतो. बोरनहाणाचं असेल तर मात्र काहीच नाही, नुसता दोरा. ते बाळ पहिल्या पाच मिनिटांत बाजूबंद तोंडात घालणार आहे.