बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी): दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर पोचल्यावरचा अनुभव

नीटच्या मार्कांत एमबीबीएस बसत नाही असं दिसलं की घरात फिजिओथेरपीचं नाव निघतं. मीही त्याच रांगेतून आलो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेज, आमच्या बॅचला साडेचार वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप.

पहिलं वर्ष ॲनाटॉमीचं. फिजिऑलॉजी झेपते, बायोकेमिस्ट्रीवर लिहावं असं काही नाही. पण मणक्यात सी५ ते टी१ मधून निघून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं कागदावर काढता येईपर्यंत रात्री जागाव्या लागतात. पाठांतर करणारी मुलं इथवर पुढे असतात. एक्सरसाइज थेरपीच्या प्रॅक्टिकलला चित्र बदलतं.

गुडघा साधारण १३५ अंश वाकतो, हे पुस्तकात एका ओळीत आहे. मोजायला गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं दोन दांड्यांचं साधन) लावा म्हणजे कळतं. त्याचा मध्यबिंदू मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या उंचवट्यावर. एक दांडी खुब्याकडे, दुसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. जरा सरकलं की आकडा बदलतो. स्नायूंच्या ताकदीला ० ते ५ ग्रेड असतात. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल जमली की ३. त्यावर आपण दाब दिला आणि तरी टिकली तर ४ किंवा ५. या दोन्हींतला फरक शेवटी आपल्या तळहाताला कळावा लागतो, आणि तो कळण्यासाठी वर्गातल्या सगळ्यांचे हातपाय एकमेकांनी दाबून झालेले असतात. ज्यांना दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा संकोच वाटतो त्यांनी प्रवेशाआधीच विचार करावा. हे मी गंभीरपणे सांगतोय.

ओपीडीत बसायला लागल्यापासून अभ्यासाची गोडी लागली. मधुमेह असलेल्या मावशी येतात, "वेणी घालता येत नाही, हात मागे जातच नाही" म्हणतात. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडतो तेव्हा, हात बाहेरच्या बाजूला फिरवणं सर्वांत जास्त अडतं, हे वाचलेलं होतंच. तोच खांदा हातात घेतला की आत कुठे अडतंय ते जाणवतं.

तक्रार आहे ती यंत्रांची. खोलवरच्या भागासाठी १ मेगाहर्ट्झ आणि वरवरच्या भागासाठी ३ मेगाहर्ट्झ अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, उपचाराच्या ध्वनिलहरी) वापरतात, हे आम्हाला तोंडपाठ आहे, पण आमच्याकडचं एक यंत्र कायम दुरुस्तीला आणि दुसऱ्याभोवती अख्खी बॅच. फी मात्र वेळेवर. मुंबईत केईएम, नायर, सायन इथे जागा मिळाली तर डोळे मिटून घ्या. तिथे रुग्णांचा तुटवडा नसतो. देशातलं या विषयाचं शिक्षणही केईएममध्येच पन्नासच्या दशकात सुरू झालं. जागा मात्र फार थोड्या.

"म्हणजे मालिशच ना?" हे लग्नकार्यात ऐकावं लागतं. मी आता उत्तर देत नाही, काकांना खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगतो. मग ते स्वतःच गुडघ्याचं सांगू लागतात.

खासगी कॉलेज निवडताना इमारत आणि एसी हॉल पाहू नका. सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या ओपीडीत जाऊन बसा. प्लिंथवर (उपचाराच्या बाकावर) रुग्ण आहेत का, आणि त्यांच्याजवळ विद्यार्थी उभे आहेत की मोबाइल घेऊन कोपऱ्यात, एवढं पाहा. इंटर्नशिपला विद्यावेतन देतात का, हे ऑफिसात न विचारता तिथल्याच एखाद्या इंटर्नला विचारा.