साइडबार उजवीकडे, डावीकडे की नकोच? भटकंतीच्या ब्लॉगसाठी एक तुलना

२०१० च्या आसपास माझ्या ब्लॉगच्या उजव्या पट्टीत, म्हणजे साइडबारमध्ये, मासे पोहत असत. माउस जवळ नेला की ते मागे मागे येत, क्लिक केलं की त्यांना खाणं पडे. माशांच्या खाली घड्याळ, घड्याळाखाली ‘आतापर्यंतचे वाचक’ मोजणारा आकडा, मग फॉलोअर्सचे इवलेइवले चेहरे, आणि सगळ्यात तळाशी किल्ल्यांची यादी. लोक येत होते ते त्या यादीसाठी, माशांसाठी नव्हे, हे कळायला मला तीन-चार वर्षं लागली.

आता एका मैत्रिणीने तिचा ब्लॉग नव्याने मांडायला घेतला आहे. दीडशेच्या वर लेख, निम्मे किल्ले, बाकी घाटवाटा. साइडबार उजवीकडे ठेवू, डावीकडे नेऊ, की हल्लीच्या पद्धतीप्रमाणे काढूनच टाकू, असं ती विचारत होती. तिला लिहिता लिहिता उत्तर लांबलं, म्हणून इथे मांडतो.

आधी मोबाइल

डावं-उजवं हा वाद फक्त रुंद पडद्यावरचा आहे. मोबाइलवर बहुतेक थीम (ब्लॉगच्या मांडणीचे तयार साचे) साइडबार उचलून लेखाखाली, बरेचदा प्रतिक्रियांच्याही खाली नेऊन ठेवतात. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेच्या जुन्या मोबाइल साच्यांत तर मोजकीच गॅजेट (घड्याळ, याद्या असे पट्टीत लावायचे तुकडे) दिसतात. बाकीची दिसायला हवी असतील तर थीमच्या कोडमध्ये जाऊन प्रत्येकाला वेगळी परवानगी द्यावी लागते. तुम्ही संगणकावर बसून सजवलेली पट्टी वाचकाने कधी पाहिलीच नसेल, अशी शक्यता बरीच असते. ब्लॉगरच्या आकडेवारीत वाचकांची ऑपरेटिंग सिस्टीमनुसार विभागणी मिळते. तिथे अँड्रॉइडचा वाटा बघा आणि मगच पुढचं वाचा.

उजवी पट्टी

ब्लॉगची सवयीची मांडणी हीच. २००५ मध्ये ब्लॉग चालवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या १.५ आवृत्तीसोबत ‘क्युब्रिक’ ही थीम आली आणि पुढची काही वर्षं अर्धं ब्लॉगजग तिच्यासारखंच दिसत होतं: वर निळी पट्टी, डावीकडे लेख, उजवीकडे साइडबार. गंमत अशी की क्युब्रिकमध्ये साइडबार मुखपृष्ठावर असे. एखादा लेख उघडला की तो नाहीसा होई. ही गोष्ट नक्कल करणाऱ्यांनी उचलली नाही, आणि माझ्या मते तीच उचलण्यासारखी होती.

उजवीकडच्या पट्टीचा फायदा म्हणजे ती लेखाच्या आड येत नाही. तोटाही तोच. जाहिरातींचा ३०० × २५० पिक्सेलचा प्रमाणित चौकोन वर्षानुवर्षं याच जागी बसत आला, त्यामुळे तिथे काहीही ठेवलं तरी वाचकाची नजर ते जाहिरात समजून ओलांडते. २००६ मध्ये वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी नजरेचा माग काढून दाखवलं होतं की लोक वेबपान वरून आणि डाव्या कडेने चाळतात. उजवा तळ जवळजवळ अस्पर्श राहतो. माझी किल्ल्यांची यादी नेमकी तिथेच होती.

डावी पट्टी

संदर्भासाठी वापरायच्या साइटला ही शोभते. वाचक एका पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाणार असेल तर डावीकडची स्थिर अनुक्रमणिका हाताशी लागते. वर्डप्रेसच्या ‘ट्वेंटी फिफ्टीन’ थीममध्ये अशी डावी पट्टी होती. पण भटकंतीचा लेख गोष्टीसारखा वाचला जातो, आणि गोष्ट सांगताना डाव्या खांद्यावर कोणीतरी यादी वाचत उभं आहे असं वाटत राहतं. लेख कमी आणि तक्ते, वाटा, पाण्याच्या टाक्यांच्या नोंदी जास्त असतील तरच डावी पट्टी घ्या.

पट्टीच नको

‘ट्वेंटी नाइन्टीन’पासून वर्डप्रेसच्या पायाभूत थीमनी बाजूची पट्टी सोडली; विजेटची (वर्डप्रेसमध्ये गॅजेटला हेच म्हणतात) जागा पायथ्याशी गेली. लेखाला पूर्ण रुंदी मिळते, फोटो मोठे होतात, पान हलकं होतं. देवनागरीला याचा फायदा रोमनपेक्षा जास्त. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असल्याने ओळींत मोकळी जागा लागते, आणि २४० पिक्सेलच्या अरुंद पट्टीत १६ पिक्सेलच्या अक्षरात ‘हरिश्चंद्रगड – नळीची वाट’ एवढं लिहिलं तरी ओळ संपत येते. याहून लांब नावं एकाखाली एक आली की ती दोन ओळींत मोडतात आणि यादीचा गुंता होतो.

तोटा इतकाच, की लेख वाचून झाल्यावर पुढे कुठे जायचं हे कोणी सांगत नाही. ते काम लेखाच्या शेवटी तुम्हालाच हाताने करावं लागतं. दीडशे लेखांना ते करायचं म्हणजे चार-पाच रविवार गेले समजा.

जागेपेक्षा आत काय

खरा निर्णय इथे आहे. पट्टीतल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: हा लेख संपवलेल्या माणसाला आता काय हवं असेल?

महिनावार संग्रह त्याला नको असतो. ‘नोव्हेंबर २०११ (४)’ हे माझ्या आयुष्याचं वेळापत्रक आहे. हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याला त्याच्याशी काय देणंघेणं? रोजनिशी लिहिणाऱ्यांनी महिने ठेवावेत, बाकीच्यांनी संग्रह वेगळ्या पानावर हलवावा.

मग विषयवार लेबल. इथे दोन पर्याय असतात, ढग आणि यादी. ढगात जास्त वापरलेलं लेबल मोठं दिसतं, म्हणजे ‘ट्रेक’ हा शब्द भलामोठा आणि ‘साधले घाट’ मुंगीएवढा. वाचकाला नेमकं उलटं हवं असतं. यादीच घ्या, पण कशावर पाडायची? बहुतेक जण जिल्हा घेतात. हरिश्चंद्रगड घ्या: पाचनईची वाट अकोले तालुक्यातली, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली, खिरेश्वरहून तोलार खिंडीतून चढणारी वाट जुन्नर तालुक्यातली, म्हणजे पुणे जिल्ह्यातली, आणि नळीची वाट कोकणातून वर येते. एक गड, तीन जिल्हे. लेबल जिल्ह्याचं लावलं तर पुण्याच्या यादीत तो शोधणाऱ्याला सापडतो आणि नगरच्या यादीत शोधणाऱ्याला सापडत नाही, किंवा उलट. डोंगररांग हे अभ्यासकांचं वर्गीकरण. मुंबईहून शनिवारी रात्री निघणारा पोरगा ‘बालाघाट रांग’ शोधत नाही.

त्याला हवं असतं ते असं: एका दिवसात होणारे, मुक्कामाचे, दोर लागणारे (अलंग-मदनसारखे किल्ले या खणात), पावसाळ्यात टाळावेत असे. चार खण. लेबलं बदलायला मला एक आठवडा लागला, पण त्यानंतर प्रतिक्रियांतला ‘सर, नवख्यांना कुठला जमेल?’ हा प्रश्न जवळजवळ थांबला.

‘लोकप्रिय लेख’ हे गॅजेट मी काढून टाकलं. ते स्वतःलाच खाऊ घालतं: वर दिसतं म्हणून उघडलं जातं, उघडलं जातं म्हणून वर राहतं. त्याऐवजी हाताने निवडलेले पाच. आणि ‘नवीन लेख’ऐवजी ‘नुकत्याच तपासलेल्या वाटा’. ही माझी आवडती दुरुस्ती. किल्ल्याच्या लेखाचं वय लिहिल्या तारखेवर ठरत नाही, वाट पुन्हा कधी पाहिली यावर ठरतं. दरड कोसळते, शिडी बदलते, वनखातं प्रवेशशुल्क लावतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथले नियम तुमच्या २०१२ च्या लेखात कसे असतील?

शोधचौकट ठेवाच, आणि सगळ्यात वर ठेवा. पण मराठीत तिची एक अडचण आहे. कोणी ‘हरिश्चंद्रगड’ टाकतो, कोणी ‘हरिश्चंद्र गड’, कोणी ‘हरीश्चंद्रगड’, आणि निम्मे लोक रोमन लिपीत टंकतात. ब्लॉगरची चौकट यातलं काही समजून घेत नाही. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र तर युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. उपाय फार साधा: प्रत्येक लेखाच्या शेवटी नावाची सगळी रूपं, रोमनसकट, एका ओळीत लिहून ठेवा. ओळ दिसायला ओबडधोबड आहे, पण गूगलवरून येणाऱ्यालाही तिचा उपयोग होतो.

ईमेलने लेख मागवण्याची चौकट जुन्या ब्लॉगवर अजून दिसते. ती गूगलच्या फीडबर्नर या सेवेवर चालणारी असेल तर काढा. त्यांची ईमेल सेवा जुलै २०२१ पासून बंद झाली आहे आणि वाचक आपला पत्ता पोकळीत टाकत असतो. आपल्याकडच्या वाचकाला व्हॉट्सअॅप चॅनलचा दुवा जास्त सोपा पडतो.

स्क्रोल करताना चिकटून राहणारी पट्टी हवी असेल तर तिची उंची पडद्याहून कमी ठेवा. उंच झाली की तिचा खालचा भाग लेख संपेपर्यंत दिसतच नाही. माझ्या एका परिचिताने तिथे नकाशा चिकटवला आहे. लॅपटॉपवर नकाशाचा फक्त वरचा भाग दिसतो.

तर मैत्रिणीने काय करावं

तिची आकडेवारी पाहिली. वाचक बहुतेक अँड्रॉइडवरून येतात, तेही शोधातून थेट एखाद्या लेखावर. तेव्हा लेखाच्या पानावर पट्टी नको. लेख संपला की लगेच, प्रतिक्रियांच्या वर, तीन दुवे: याच गडाची दुसरी वाट, जवळचा दुसरा गड, आणि तो ज्या खणात बसतो ती यादी. मुखपृष्ठावर मात्र, रुंद पडद्यासाठी, उजवीकडे ३०० पिक्सेलची पट्टी चालेल: शोध, चार खण, तपासलेल्या वाटा. लेखाची अक्षरं १८ पिक्सेल, ओळींची उंची दीडपटीहून थोडी जास्त.

ती छायाचित्रकार असती तर पट्टी मुखपृष्ठावरूनही काढायला सांगितली असती. घाटवाटांचा कोशच करायचा तिच्या मनात असेल, तर डावी पट्टी आणि तीत घाटांची अकारविल्हे यादी. यातलं काय ते तिने अजून ठरवलेलं नाही. मला काल तिने विचारलं ते वेगळंच: मासे अजून मिळतात का?