मॉरोविंड की स्कायरिम: आधी कोणता खेळावा?

एल्डर स्क्रोल्स ही कॉम्प्युटर गेम्सची मालिका सुरू करायची म्हटलं की बहुतेक जण थेट स्कायरिम सुचवतात, आणि त्यात गैर काही नाही. लढाई हाताला पटकन बसते, बर्फाळ डोंगर आजही देखणे दिसतात आणि वाट चुकण्याची भीती जवळपास नाहीच. २००२ च्या मॉरोविंडमध्ये मात्र वाट शोधणं हाच अर्धा खेळ आहे. दोन्ही मी मनापासून खेळलोय, त्यामुळे कुणाला काय मानवेल याचा थोडाफार अंदाज देता येईल.

आधी लढाईचं. मॉरोविंडमध्ये तलवार शत्रूच्या अंगातून गेलेली दिसते, तरी वार फुकट जातो. कारण तो लागला की नाही हे तुमचं कौशल्य, उरलेला दम आणि नशीब मिळून ठरवतात. धावत येऊन दमलेल्या अवस्थेत भिडलात तर साधा उंदीरही पुरून उरतो. काठिण्य कमी करण्याची सोय आहे, पण त्याने वार चुकायचे थांबत नाहीत. इथे स्कायरिम उजवा आहे, हे मला मोकळेपणाने मान्य आहे.

माझा कौल ठरवला तो वाट दाखवणाऱ्या खुणेच्या बाणाने. या दोघांच्या मधल्या, २००६ च्या ऑब्लिव्हियनपासून होकायंत्रावर क्वेस्टची (सोपवलेल्या कामाची) खूण आली आणि २०११ च्या स्कायरिममध्ये ती थेट माणसाच्या डोक्यावर, पेटीच्या झाकणावर तरंगू लागली. गुहेत हरवलेली वस्तू नेमकी कुठे आहे हे काम सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं, पण बाणाला ठाऊक असतं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की डोंगर सोडून मी होकायंत्राची पट्टीच बघत चाललोय.

बाण बंद करता येतो. जर्नलमध्ये क्वेस्टवरची निवड काढली की झालं. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो: बहुतेक पात्रं वाट सांगतच नाहीत आणि जर्नलमध्ये ‘अमुक वस्तू तमुक ठिकाणाहून आण’ एवढीच ओळ असते. संवाद लिहितानाच बाण गृहीत धरलेला आहे. म्हणजे मदत नको म्हणायची मुभा आहे, पण ती मुभा घेतली की पुढे जायला आधारच उरत नाही. जर्नलमध्ये वाटेच्या खुणा भरणारे मॉड (खेळात बदल करणाऱ्या जोडण्या) खेळाडूंना बनवावे लागले, यातच सगळं आलं.

मॉरोविंडमध्ये सुरुवातीलाच आर्कंगथँडच्या अवशेषांतून एक कोड्याची पेटी आणायला सांगतात. बाल्मोरा शहराच्या दक्षिणेकडून बाहेर पडायचं, मूनमॉथ किल्ल्याच्या बाजूने जायचं, फोयादा मामाइया दरीवरचा ड्वेमर या लोप पावलेल्या जमातीचा जुना पूल गाठायचा. पोहोचलात तरी दार उघडत नाही. जवळच्या पाइपवरचा दांडा फिरवावा लागतो. पेटीही इतकी लहान की तिच्यावरून नजर सहज घसरते. अनेकांना हे छळ वाटतं, आणि त्यांचंही चूक नाही. मला मात्र तो पूल, ती दरी आणि पाट्यांवरची गावांची नावं आजही पाठ आहेत. स्कायरिममधल्या कितीतरी गुहा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत.

फास्ट ट्रॅव्हलचंही (झटपट प्रवासाचंही) तसंच. स्कायरिममध्ये एकदा पाहिलेल्या ठिकाणी नकाशावरून थेट उडी मारता येते. मॉरोविंडमध्ये सिल्ट स्ट्रायडर (माणसं वाहून नेणारे महाकाय कीटक), होड्या आणि जादूगारांच्या संघाची जादूने पोहोचवण्याची सेवा ठरावीक गावांनाच जोडते, म्हणून रस्ते डोक्यात बसतात.

रोज जेमतेम तासभर मिळत असेल, किंवा कथेपेक्षा लढाईत रस असेल, तर स्कायरिमच घ्या. पश्चात्ताप होणार नाही. सलग दोन-तीन निवांत संध्याकाळी हाताशी असतील तर मी मॉरोविंडकडे झुकेन. पात्र बनवताना एक शस्त्र मेजर स्किलमध्ये (मुख्य कौशल्यांत) घ्या आणि सुरुवातीपासून तेच वापरा, म्हणजे चुकणारे वार बरेच कमी होतात. नव्या कॉम्प्युटरवर ओपनएमडब्ल्यू (मॉरोविंड चालवणारं मोफत नवं इंजिन) टाकून खेळा. आणि सेदा नीन या सुरुवातीच्या गावाहून बाल्मोराला पहिल्यांदा जाताना सिल्ट स्ट्रायडरने न जाता चालत जा.