होम्स आधी घ्यायचा की चार्ली चॅन?

टिळकवाडीचा भाचा परवा विचारत होता, मामा जुने डिटेक्टिव्ह पिक्चर जमवायचेत, आधी शेरलॉक होम्स घेऊ का चार्ली चॅन? मी म्हटलं आधी चहा घे, हे दोन मिनिटांत व्हायचं काम नव्हे.

होम्स म्हणजे बेसिल रॅथबोन या नटाचा. १९३९ ते १९४६ मध्ये १४ पिक्चर आणि सगळेच्या सगळे शिल्लक. पहिले दोन फॉक्स स्टुडिओचे, त्यात घोडागाडी, धुकं, जुनं लंडन सगळं आहे, पुढचे १२ युनिव्हर्सल स्टुडिओचे आणि त्यातल्या सुरुवातीच्या काहींत तर होम्स सरळ नाझींच्या मागे लागतो, मला आधी ते पटायचं नाही, पण तासा-सव्वातासाचा खेळ, जेवण झाल्यावर लावला की झोपायच्या आत खुनी सापडतो. गोम एकच, यातले ४ कॉपीराइटमधून सुटलेत म्हणून कोणीही डिस्क छापून विकतंय. खडेबाजारातनं असली एक घेतलेली मी, वॉटसन बोलतोय का खोकतोय कळंना! युनिव्हर्सलचे घ्यायचे तर अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या आर्काइव्हनं दुरुस्त केलेल्या प्रिंटचाच सेट बघ, महाग पडला तरी.

आता चॅन. वॉर्नर ओलंड हा स्वीडनचा माणूस चिनी डिटेक्टिव्ह झालाय, आज बघताना खटकतं आणि खटकायलाच पाहिजे. पण जमवणाऱ्याची खरी खाज इथंच आहे बघ, त्याच्या १६ पैकी ४ गायब आहेत, १९३१ चा पहिलासुद्धा. गंमत म्हणजे त्याच गोष्टीवर त्याच साली दुसरे नट घेऊन काढलेला स्पॅनिश पिक्चर तेवढा राहिलाय, म्हणजे वाडा पडला आणि भाडेकरूची खोली उभी. आणि गेलं ते कायमचंच गेलं असंही नाही, विल्यम जिलेट या नटाचा १९१६ चा होम्सचा मूकपट हरवला असंच सगळे धरून बसलेले, तो २०१४ मध्ये पॅरिसच्या फिल्म आर्काइव्हमध्ये सापडला की!

ब्लू-रे बाहेरनं मागवलास तर रिजन बघ, म्हणजे डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालते ते, अमेरिकेचा ए, युरोपचा बी, आपला सी, माझा प्लेअर एकदा हटून बसलेला.

रात्री निवांत बघायची हौस असेल तर होम्स, शोधत हिंडायची असेल तर चॅन. भाचा सगळं ऐकून माझाच होम्सचा सेट घेऊन गेला, आता परत कधी येतोय देव जाणे.