मास्तरांचे डोळे आणि दिगूचा चेहरा

यंदाच्या पावसाळ्यात मी स्वतःपुरता एक नियम केला होता. कादंबरी वाचून संपवायची आणि तिच्यावरचा चित्रपट त्याच आठवड्यात पाहायचा. मध्ये दुसरे काही हातात घ्यायचे नाही. एरवी पुस्तक महाविद्यालयात असताना वाचलेले असते, चित्रपट पुढे दहा-पंधरा वर्षांनी पाहण्यात येतो आणि ‘पुस्तकाची सर नाही’ हे वाक्य आपण सवयीने बोलून टाकतो. खरे पाहता तोवर ते पुस्तकही आपल्याला धड आठवत नसते. सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी त्याच सुमारास मावशी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी येऊन राहिली होती. तिचे सासर आटपाडी तालुक्यातले, आणि उभे आयुष्य माणदेशात गेलेले. त्यामुळे सुरुवात ‘बनगरवाडी’पासून करावी हे ओघानेच ठरले.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. दीडशे पानांच्या आत संपणारी, दोन बैठकींत वाचून होणारी. औंध संस्थानातल्या एका धनगरांच्या वाडीवर राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला जातो, भल्या पहाटे अंधारातून एकटाच चालत निघतो, आणि त्या चालण्यापासूनच वाचकाला त्याच्या बरोबरीने पाहण्याची सवय लागते. पुढे कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, दादू बालट्या, रामा बनगर अशी माणसे एकेक करून समोर येतात. पण ती सगळी मास्तरला जेवढी दिसली तेवढीच आपल्याला दिसतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत, या साध्या वाटणाऱ्या योजनेचा परिणाम फार खोल आहे. मास्तर वाडीत मिसळला तरी त्याच्या मनातली भाषा वाडीची होत नाही, हे लेखक कुठेही बोलून दाखवत नाही. प्रत्येक पानाची घडणच ते सांगत असते.

या वाचनात मला सर्वांत जास्त वेळ थांबवले ते अंजीच्या चोळीच्या प्रकरणाने. कारभाऱ्याची ही मुलगी मास्तरला चोळी आणायला सांगते. मागणी एवढीशी, पण तिच्यापायी वाडीत कुजबुज होते आणि ज्या म्हाताऱ्याच्या आधारावर मास्तर उभा आहे तो त्याच्याशी बोलेनासा होतो. अंजीच्या मनात नेमके काय होते, हे कादंबरी आपल्याला कधीच कळू देत नाही, कारण ते मास्तरलाच कळलेले नाही. शेकूच्या बायकोचा प्रसंगही असाच. बैल मिळत नाही म्हणून ती स्वतः औताला खांदा देते, आणि माडगूळकर हे इतक्या कोरड्या, मोजक्या वाक्यांत लिहितात की वाचक पुढच्या परिच्छेदावर जाऊन पुन्हा मागे येतो. करुण रस ओतण्याची पुरेपूर संधी होती. लेखकाने ती सरळ सोडून दिली आहे.

अमोल पालेकर यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९९५ चा, आणि मास्तरच्या भूमिकेत चंद्रकांत कुलकर्णी आहेत. चित्रपट प्रामाणिक आहे, यात शंका नाही. माळरान, दगडमातीची घरे, मेंढरांचा कलकलाट हे सारे पाहताना पुस्तकातली कितीतरी वाक्ये डोळ्यांसमोर उभी राहतात. चंद्रकांत मांडरे यांचा कारभारी तर या चित्रपटाची खरी कमाई म्हणावी लागेल. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतून घोड्यावर बसलेला, भारदस्त आवाजाचा नायक म्हणून जो नट आमच्या आधीच्या पिढीला ठाऊक होता, तो इथे घोंगडी पांघरून बसतो आणि पापण्या किंचित मिटून समोरच्याचे माप घेतो. मावशी म्हणाली, “ह्याचं बरोबर आहे. तोंड उघडायच्या आधी एवढा वेळ घेणारी माणसं मी तिकडं पाहिलीत.” तिच्याकडून मिळालेले हे प्रमाणपत्र मी कोणत्याही पारितोषिकापेक्षा वरचे मानतो.

तरीही माझे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण मला दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडल्यावर उमगले. कॅमेरा मास्तरलाही इतरांसारखाच बाहेरून पाहतो. कादंबरीत मास्तर म्हणजे आपले डोळे. पडद्यावर मात्र तो त्या वाडीतल्या अनेकांपैकी एक होतो, धोतर-टोपीतला एक सालस तरुण. अंजीला पडद्यावर चेहरा मिळतो, आणि चेहरा मिळताच तिच्या मनातले थोडेफार आपण वाचू लागतो. जे कोडे राहायला हवे होते ते अर्धे सुटते. प्रसंग बहुतेक सगळे जागच्या जागी आहेत, पण त्यांना धरून ठेवणारे ते एकटेपण सैल झाले आहे. ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्याला एका दुष्काळी वाडीची सुंदर, संथ गोष्ट पाहिल्याचा आनंद मिळेल. ज्याने वाचली आहे त्याला मास्तर शोधावा लागेल.

औंधच्या राजांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. वाडीकरांनी अंगमेहनतीने बांधलेल्या तालमीच्या निमित्ताने पंतसाहेब वाडीत येतात, तो भाग वाचताना आजच्या तरुण वाचकाला अतिशयोक्ती वाटण्याचा संभव आहे. पण भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार असलेले, सूर्यनमस्काराचा ध्यासाने प्रचार करणारे आणि १९३९ च्या सुमारास आपल्या प्रजेच्या हाती कारभार सोपवणारे संस्थानिक होते. तालमीसाठी असा राजा वाडीत येणे यात नवल काहीच नाही.

कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. चित्रपट संपल्यावर मावशी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “धनगर मेंढरं घेऊन दरसाल बाहेर पडतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. बाहत्तरला मात्र जाताना म्हाताऱ्या माणसांनाही संगती घेतलं, तेव्हा आम्ही समजलो.” माडगूळकर पुढे पुण्यात आले आणि अनेक वर्षे आकाशवाणीच्या पुणे केंद्रात होते. त्यांनी हे वाक्य ऐकले असते तर टिपून ठेवले असते, असे मला उगाचच वाटून गेले.

दुसरी जोडी ‘सिंहासन’ची, आणि इथे हिशेब जरा वेगळा आहे. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा लिहिली आणि डॉ. जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये तिचा कृष्णधवल चित्रपट केला. ‘मुंबई दिनांक’ मी अप्पा बळवंत चौकातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ऐंशी रुपयांना घेतली. घरी येऊन पाहतो तो १४४ व्या पानानंतर एकदम १६१ वे पान. मधला सोळा पानांचा आख्खा फॉर्मा गायब. दुकानदाराने पुस्तक बदलून देण्याऐवजी “तेवढं समजून घ्या” असा सल्ला दिला. शेवटी ती सोळा पाने मी वाचनालयात उभ्याने वाचून आलो. जुनी पुस्तके घेताना पाने मोजून घ्यावीत, हे मला या वयातही सांगावे लागते.

साधू हे आधी पत्रकार, आणि त्यांच्या कादंबरीची चाल बातमीदाराची आहे. मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यातून चाळीत, चाळीतून कामगारांच्या सभेत, तिथून वर्तमानपत्राच्या कचेरीत असा त्यांचा वेग असतो. वाक्यांना अलंकाराची हौस नाही. कुठे कुठे ती इतकी घाईची आहेत की संपादकाने एकदा हात फिरवायला हवा होता असे वाटते. पण सत्तेच्या जागी बसलेला माणूस संध्याकाळी एकटा असताना कसा विचार करतो, हे मराठीत इतक्या जवळून फारच थोड्यांनी दाखवले आहे. पुढे ते पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुख म्हणून रानडे इन्स्टिट्यूटमध्ये होते. फर्ग्युसन रस्त्यावरच्या त्या दगडी इमारतीवरून जाताना मला आता ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीसच आठवतो.

आणि दिगूच या चित्रपटाची किल्ली आहे. दोन कादंबऱ्यांतली मुंबई एका चित्रपटात मावणे शक्य नव्हते; बरीच माणसे गळली, डिकास्टासारख्या कामगार पुढाऱ्यालाही कादंबरीएवढी जागा मिळाली नाही, सतीश दुभाषींनी ती भूमिका ताकदीने केलेली असूनही. पण तेंडुलकरांनी काय ठेवायचे हे ठरवताना ते कोणाच्या नजरेने पाहायचे, हेही ठरवले. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव, डॉ. श्रीराम लागूंचे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आणि त्यांच्या भोवतीचे आमदार हे सगळे बोलत असतात, आणि नीळू फुले यांचा दिगू ऐकत असतो. वहीत लिहितानाही तो ऐकतच असतो. काही वर्षे आधीच्या ‘सामना’मध्ये याच नटाने साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव उभा केला होता आणि त्याला प्रश्न विचारत फिरणारे मास्तर होते डॉ. लागू. इथे पारडे उलटले आहे. प्रश्न विचारणारा आता नीळू फुले आहेत, उत्तर द्यायचे टाळणारे लागू. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले तर अभिनयाचा एक संपूर्ण अभ्यासक्रम फुकटात होतो.

नीळूभाऊंची आठवण पुण्यात निघाली की कोणीतरी त्यांच्या राष्ट्र सेवा दलातल्या दिवसांबद्दल आणि सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातल्या माळीकामाबद्दल बोलतोच. मला त्यात केवळ कौतुकाचा मुद्दा दिसत नाही. मोठ्या माणसांच्या खोलीत दाराजवळ उभे राहण्याची जी एक पद्धत असते, खांदे किंचित आत घेऊन आणि आपण तिथे नसल्यासारखे, ती दिगूच्या अंगात आहे. ती कोणत्याही पटकथेत लिहून ठेवता येत नाही. शेवटी दिगूचा तोल जातो, तेव्हा आपल्याला धक्का बसतो तो वेडाचा नव्हे. इतक्या वेळ हा माणूस शहाणा कसा राहिला, याचाच बसतो.

चित्रपटाचे दोष नाहीत असे नाही. तस्करीचे उपकथानक मुख्य धाग्याला सैल गाठीने बांधले आहे आणि काही दृश्ये नाटकाच्या रंगमंचावर बसवल्यासारखी वाटतात. एक तक्रार मात्र दिग्दर्शकाकडे करण्यासारखी नाही. ज्या इंटरनेट वाहिनीवर मी हा चित्रपट पाहिला, तिने आजच्या रुंद पडद्यात बसवण्यासाठी चित्राची वरची आणि खालची कड कापून टाकली होती, त्यामुळे निम्म्या मंत्रिमंडळाच्या टोप्या गायब झाल्या होत्या. आणि जिवाजीरावांना निनावी फोन येतो, त्या क्षणी मध्येच गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात आली. फिल्म अर्काइव्हसारखी संस्था ज्या शहरात १९६४ पासून आहे, तिथल्या रसिकाने मराठीतला एवढा महत्त्वाचा चित्रपट असा पाहावा, हे काही बरे नाही.

तिसरी जोडी मी उलट्या क्रमाने केली, कारण पालखी येऊन गेली होती आणि मावशीला ‘संत तुकाराम’ पाहायचा होता. दामले आणि फत्तेलाल यांचा हा १९३६ चा चित्रपट प्रभातच्या पुण्यातल्या स्टुडिओत तयार झाला. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरवला गेला, ही माहिती सर्वांना असते. विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांबद्दलही पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी ते सोडून देतो.

चित्रपट पाहून झाल्यावर मी गाथा काढली आणि ‘आधी बीज एकले’ शोधायला बसलो. साडेचार हजारांच्या आसपास अभंग, त्यात सूचीची अक्षरे मुंगीएवढी. दोन संध्याकाळी गेल्या. नंतर कळले की तो अभंग गाथेत असणे शक्यच नाही, कारण तो प्रभातचे गीतकार शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेला आहे. लहानपणापासून मी तो तुकोबांचाच समजत आलो होतो, आणि हे सांगताना मला लाज वाटण्याऐवजी आठवल्यांचा हेवा वाटतो. चित्रपटासाठी लिहिलेल्या ओळी लोकांनी बिनदिक्कत गाथेत नेऊन ठेवाव्यात, याहून मोठे परीक्षण कोण लिहिणार?

शोधाशोधीत एक फायदा मात्र झाला. बायकोच्या त्राग्याचे अभंग गाथेत आहेत, आणि ते मी प्रथमच सलग वाचले. त्यांतला राग खरा आहे, शिव्याही अस्सल आहेत, परंतु तो सगळा तुकोबांच्या तोंडून आपल्यापर्यंत येतो. चित्रपटाने ते बोलणे जिजाईला परत दिले आहे. गौरी या अभिनेत्रीची जिजाई शेण-म्हशी करते, नवऱ्यावर करवादते, त्याच्यावर जीवही टाकते, आणि तिच्या बाजूने पाहिले की संतपणाचा खर्च नेमका कोणाच्या घरातून जात होता ते दिसते. ‘बनगरवाडी’च्या पटकथेने मास्तरचे डोळे गमावले, ‘सिंहासन’ने दिगूचे कमावले, इथे मूळ ग्रंथात जिला स्वतःचे डोळेच नव्हते तिला ते मिळाले आहेत.

मुलगा तापाने फणफणलेला असताना जिजाई त्याला घेऊन देवळात शिरते आणि विठोबावर पायताण उगारते, तो प्रसंग लागला होता. मावशीच्या डोळ्यांत औषध घालण्याची वेळ झाली म्हणून मी बाटली घेऊन उठलो. तिने माझा हात बाजूला केला आणि पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “थांब जरा. आधी हिचं होऊ दे.”